डोंबिवली प्लांटचा पासवर्ड

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या आणि वाफेच्या लाइनींना लागणारे मोठाले व्हॉल्व्ह बनत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे ड्रॉइंग रेकॉर्डला लागले. ड्रॉइंग ऑफिसच्या टोकाला एक खोली, तिला एक खिडकी, खिडकीला लाकडी फळी. आत मी, माझ्यामागे ट्रेसिंगची, म्हणजे मूळ ड्रॉइंगच्या पारदर्शक कागदांची, लोखंडी कपाटं आणि कोपऱ्यात प्रिंट काढायचं अमोनियाचं मशीन. तो वास केसांना, साडीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा लागायचा. आई म्हणायची, "तू जिना चढायला लागलीस की मला इथे स्वयंपाकघरात कळतं."

खिडकीवर दिवसभर कोणी ना कोणी असायचं. यायचे ड्रॉइंग मागायला, पण प्रिंट निघेपर्यंत फळीवर कोपर टेकून उभे राहायचे आणि बोलायचे. मशीन शॉपचे फोरमन मुलीच्या स्थळांबद्दल सांगायचे. इन्स्पेक्शनमधले एकजण दर सोमवारी आपल्या दाढदुखीची ताजी हकीकत द्यायचे. मी कोणाच्याच घरी गेलेली नव्हते, पण कोणाकडे बारसं आहे, कोणाच्या भावानं जागा बळकावली, सगळं मला ठाऊक असायचं.

माझं लग्न झालं नाही. त्याला फार मोठं कारण नाही. बघण्याचे कार्यक्रम झाले, जमलं नाही. मग वडील गेले, मग आईचं आजारपण आलं, आणि मग कोणी विचारेनासं झालं. डोंबिवलीला पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा होती. नव्वदच्या दशकात आई गेली आणि त्या दोन खोल्या एकदम मोठ्या झाल्या.

त्यानंतर थोड्याच काळात कंपनीत कॉम्प्युटर आले. ऑफिसात पगाराचं काम करणारे होते ते नव्हेत, ड्रॉइंगचे. सगळी ट्रेसिंग स्कॅन करून एका सिस्टिममध्ये भरायची आणि ज्याला जे हवं ते त्यानं आपल्या टेबलावरच बघायचं, असं ठरलं. ड्रॉइंग कुठलं कुठे आहे हे मला माहीत होतं, म्हणून ट्रेनिंगला मलाच पाठवलं. महिनाभर शिकून आले ती सिस्टिमची ॲडमिनिस्ट्रेटर होऊन. हा शब्द माझ्या बढतीच्या पत्रात होता आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमान वाटला.

काम समजायला अवघड नव्हतं. सिस्टिमचे दोन भाग होते. एकाला टेस्ट म्हणायचो, दुसऱ्याला लाइव्ह. ड्रॉइंगमध्ये फेरफार चालू असतील तोवर ते टेस्टमध्ये राहायचं. डिझाइनच्या साहेबांनी मंजूर केलं की लाइव्हला न्यायचं. मशीन शॉपला फक्त लाइव्ह दिसायचं, कारण ते बघूनच तिथे लोखंड कापलं जायचं. कोणाला काय दिसावं, कोणाला काय हलवता यावं, याच्या परवानग्या मी द्यायची. प्रत्येकाला आयडी आणि पासवर्डही मीच द्यायची.

मशीन थंड राहावं म्हणून माझ्या खोलीला एसी बसवला आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी प्लायवूड ठोकून बंद केली. ठाण्यात मे महिन्यात स्वेटर घालून बसणारी मी एकटीच असेन.

त्यानंतर कोणी येईना. यायचं कारणच उरलं नव्हतं. सकाळी माझ्या स्क्रीनवर एकेक आयडी उमटायचा, म्हणजे तो माणूस आपल्या जागेवर आला. फोरमनच्या मुलीचं लग्न झालं ते मला पेढ्यांचा पुडा टेबलावर आल्यावर कळलं. पुडा शिपायानं आणून ठेवला होता. दिवस दिवस मी एक शब्द न बोलता घरी जायची. घरी गेल्यावर तर बोलायचा प्रश्नच नव्हता. एकदा दूधवाल्यानं सुट्टे पैसे मागितले तर माझा आवाजच फुटला नाही, आधी खाकरावं लागलं.

कंपनीचा दुसरा प्लांट डोंबिवलीला एमआयडीसीत होता. तिथल्या लोकांनाही हीच ड्रॉइंग लागायची. ती टेलिफोनच्या लाइनीवरून जायची. त्यासाठी दोन्ही टोकांना माणूस बसलेला लागे. सकाळी आधी साध्या फोनवर बोलून दोघं तयार आहोत याची खात्री करायची, मग दोघांनी आपापला पासवर्ड टाकायचा, की मोडेम किरकिरत जोडणी व्हायची. डोंबिवलीच्या टोकाला रेकॉर्ड सांभाळणारे एक जुने गृहस्थ होते; तिथली मंजूर ड्रॉइंग लाइव्हला न्यायची परवानगीही त्यांनाच होती. पन्नाशी ओलांडलेले. तिथे सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मीही भाऊ म्हणायला लागले. ते मला ताई म्हणायचे.

पहिले काही दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मग एकदा लाइन जोडायला फार वेळ लागत होता, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही राहता कुठे?"

"डोंबिवलीला."

"अहो, मग हे उलटंच झालं! मी कळव्याचा. मी रोज तुमच्या गावात येतो आणि तुम्ही माझ्या बाजूला जाता."

त्यावर आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून जोडणी होईपर्यंतचा वेळ आमचा गप्पांचा झाला. ते खाडीकाठच्या कोळी घरातले. त्यांच्या वडिलांची होडी होती. भाऊ लहान असताना खाडीत जिताडा मिळायचा, कोळंबी मिळायची. मग कारखाने आले, पाण्याला रंग यायला लागले, वडिलांनी होडी विकली आणि मुलाला कारखान्यातच चिकटवलं. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात सांगायचे नाहीत. "आम्ही खाडीतून आलेलो, पोट भरलं कारखान्यात. आता कोणाला बोलणार?" असं म्हणून मोकळे व्हायचे. मी काय जेवणात केलं ते त्यांना सांगायची. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, असं मी त्यांनाच पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, "करत जा ताई. भात तरी गरम करत जा."

पासवर्ड कोणी विसरला तर नवा मीच द्यायची, फोनवरून. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट आम्हाला बजावून सांगितली होती. आवाज ओळखीचा वाटला म्हणून पासवर्ड द्यायचा नाही. प्रत्येकाकडून आधीच एक प्रश्न आणि त्याचं उत्तर घेऊन ठेवायचं, ते जुळलं तरच पुढे जायचं. बहुतेकांनी आईचं माहेरचं गाव सांगितलं. भाऊ म्हणाले, "मला वडिलांच्या होडीचा रंग विचारा. पोपटी. सगळ्या खाडीत पोपटी होडी आमचीच."

वर्ष दीड वर्ष असं गेलं. मग भाऊंचे फोन वाढले. सकाळचा ठरलेला फोन व्हायचा आणि दुपारी पुन्हा, "ताई, पासवर्ड विसरलो बघा." मी होडीचा रंग विचारायची, ते पोपटी म्हणायचे, मी नवा द्यायची. दोन दिवसांनी परत तेच. इतकं साधं कोणी कसं विसरेल, असं मला वाटायचं, आणि मग मनातल्या मनात मी त्याचा अर्थ लावला. मला वाटलं, त्यांनाही तिकडे कोणी बोलायला नसेल. पासवर्ड हे निमित्त असेल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दुपारी फोन वाजला नाही तर मीच फोनकडे बघत बसायची.

त्यानंतर ती गोष्ट घडली. डोंबिवली प्लांटला एका मोठ्या ऑर्डरच्या व्हॉल्व्हच्या बॉड्यांना भोकं पाडली गेली ती चुकीच्या जागी. मशीन शॉपनं लाइव्हमधलं ड्रॉइंग बघूनच काम केलं होतं. पण ते ड्रॉइंग अजून मंजूर झालेलं नव्हतं, ते टेस्टमध्ये असायला हवं होतं. कोणीतरी ते आधीच लाइव्हला नेलं होतं. सगळा माल भंगारात गेला.

तिथल्या मॅनेजरांचा मला फोन आला. "बाई, तुमच्याकडे नोंद असते ना? कोणी नेलं ड्रॉइंग?"

मी बघितलं. आयडी भाऊंचा होता. दुपारची जेवणानंतरची वेळ.

मी ते सांगितलं. तिकडे त्यांनी भाऊंना बोलावलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, मी हात लावलेला नाही त्या ड्रॉइंगला." भाऊंची इतक्या वर्षांची नोकरी, कधी एक मेमो नाही. त्यांच्यावर अविश्वास कोण दाखवणार? मग संशय वळला तो भाऊंच्याच खोलीत बसणाऱ्या एका बाईवर. ती कल्याणहून यायची, नवरा वारलेला, दोन मुली. कंत्राटावर स्टोअरच्या नोंदी आमच्याच सिस्टिमवर टाइप करायची. भाऊ पासवर्ड टाकताना तो ऐकू जाईल असा पुटपुटतात हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं ऐकला असेल आणि काहीतरी उद्योग केला असेल, असं बोललं जाऊ लागलं. कंत्राटदाराला तिला काढायला सांगायचं घाटत होतं. मला हुकूम आला की डोंबिवलीचे सगळे पासवर्ड बदला.

मी बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन.

"ताई, लाइन जोडत नाही."

"भाऊ, नवा पासवर्ड टाकलात ना? काल दिलेला?"

"काल? काल दिलेला का?"

मला हसू आलं. म्हटलं, "बरं, रीतसर विचारते. वडिलांच्या होडीचा रंग?"

मला वाटलं लाइन तुटली.

"भाऊ?"

"होडी?" ते म्हणाले. "कसली होडी, ताई? आमची होडी कुठे होती?"

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. रस्ता चुकलेला माणूस पत्ता विचारताना जसा बोलतो तसे ते बोलत होते. मी म्हणाले, "थांबा हं भाऊ, मी परत करते." आणि फोन ठेवला. नियमाप्रमाणे मला अशा वेळी प्लांटच्या बोर्डावर फोन करून खात्री करायची असे, ती केली. टेलिफोन ऑपरेटर म्हणाली, "हो मॅडम, भाऊच आहेत. जागेवर बसलेत. फोन धरूनच बसलेत."

खात्री झाली. माणूस तोच होता, आणि तरी नियमाला हवं असलेलं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी त्या दिवशी पासवर्ड दिला नाही. ॲडमिनिस्ट्रेटरला दोन्ही टोकांची मुभा असते, ती वापरून त्यांच्या बाजूचं काम माझ्या आयडीवरून ठाण्यातूनच केलं आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

डोंबिवलीत माझा जन्म गेला, पण एमआयडीसीत मी कधी गेले नव्हते. रिक्षानं गेले. नाल्याला कसलासा गुलाबी रंग होता आणि नाकात झोंबणारा वास. गेटवर नाव सांगितलं तेव्हा वॉचमन म्हणाला, "म्हणजे ठाण्याच्या मॅडम का? भाऊ रोज तुमचं नाव काढतात."

आवाजावरून मी एक धिप्पाड माणूस मनात रंगवला होता. समोर आले ते बारीक अंगाचे, कानशिलावर पांढरे झालेले, इस्त्रीचा शर्ट पँटीत नीट खोचलेला, पण त्याची गुंडी एक घर चुकलेली. मी नमस्कार केला आणि बोलले, तेव्हा त्यांनी ओळखलं.

"ताई! तुम्ही इथे? इतक्या लांब?"

"लांब कसली, माझं घर इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे."

आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो. जेवणाची वेळ नव्हती, बाकं रिकामी होती. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि थोड्या वेळानं पुन्हा सांगितला. दोन्ही कप माझ्यासमोर आले. कँटीनवाल्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हे त्याला नवीन नाही.

भाऊंनीच विषय काढला. "ताई, एक विचारू? त्या नोंदीत माझंच नाव आहे?"

"हो, भाऊ."

"आणि ती बाई? ती तेव्हा काय करत होती?"

मी रजा टाकण्यापूर्वी तेही बघून आले होते. ती त्याच वेळी आपल्या आयडीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरवर स्टोअरच्या पावत्या टाइप करत होती. एकीमागून एक, न थांबता. उठून भाऊंच्या टेबलापर्यंत जाण्याइतका खंड त्यात नव्हता. मी हे त्यांना सांगितलं.

त्यांनी समोरची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "मग मीच असणार."

"भाऊ..."

"मी साहेबांशी खोटं नाही बोललो हो. मला खरंच आठवत नाही. पण मी नाही केलं असं आता मी कशाच्या जोरावर सांगू? तुमच्या मशीनला माझ्यापेक्षा जास्त आठवतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या आठवड्यात कळव्याला उतरलो आणि घर कुठल्या अंगाला ते कळेना. जन्म गेला तिथे माझा. एका भाजीवालीला विचारलं, खाडी कुठे? ती हसली. तिला वाटलं प्यायलोय. घरात सांगितलेलं नाही मी अजून."

मला विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "म्हणजे ते पासवर्डचे फोन..."

"विसरायचो म्हणून करायचो." ते म्हणाले. "पण इथे कोणाला विचारायची लाज वाटायची. तुम्हाला विचारायची नाही वाटली."

माझ्या मनातल्या अर्थापैकी एवढाच खरा निघाला. मला रडू आलं ते मी चहाबरोबर गिळलं. दोन्ही कप संपवले.

"चला," भाऊ म्हणाले. "साहेबांकडे जाऊ. तुम्ही बरोबर या. मध्येच मी विसरलो तर तुम्ही सांगा."

मॅनेजरांच्या केबिनमध्ये ते विसरले नाहीत. उभे राहूनच म्हणाले, "साहेब, ते ड्रॉइंग मीच नेलं असणार. माझं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही. त्या बाईला काही करू नका." मॅनेजर भडक माणूस होता, पण त्या दिवशी त्यानं उठून खुर्ची पुढे केली. मी नोंदी समजावून सांगितल्या.

बाहेर पडलो तर ती कल्याणची बाई दारापाशी उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती भाऊंना म्हणाली, "मला दिसत होतं भाऊ. सकाळी काय काम करायचं त्याची मीच तुम्हाला आठवण करून द्यायचे ना? पण मी बोलले असते तर म्हणाले असते, स्वतःला वाचवायला म्हाताऱ्यावर ढकलतेय." मग ती भाऊंच्या जवळ आली आणि त्यांच्या शर्टाची चुकलेली गुंडी काढून नीट लावली. भाऊ मान वर करून लहान मुलासारखे उभे राहिले.

तिची नोकरी राहिली. भाऊंना ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा आजार आहे, वाढतच जाणार, असं त्यांनी घरच्यांना सांगितलं. कंपनीत तेव्हा लोकांना वेळेआधी निवृत्ती देणं चालूच होतं, त्यात भाऊंचीही झाली.

त्यांचा आयडी मला बंद करावा लागला. सिस्टिममध्ये दोन प्रकार असायचे, पुसून टाकणं आणि बंद करणं. पुसला असता तर त्यांनी या दोन वर्षांत तपासून आत घातलेली शेकडो ड्रॉइंग बेवारशी झाली असती. म्हणून फक्त बंद केला. दार लागलं, पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात त्यांचं नाव तसंच राहिलं. त्यांच्या जागी नवा मुलगा आला. हुशार होता, पासवर्ड कधी विसरला नाही. काही महिन्यांत जोडणी आपोआप व्हायची सोय झाली आणि सकाळचा फोनही बंद झाला. सिस्टिम आता बिनचूक चालत होती, कोणाला माझी गरज पडत नव्हती.

मी महिन्यातून एखाद्या रविवारी कळव्याला जायला लागले. भाऊंची बायको बोलकी, कष्टाळू बाई. मी गेले की तिला जरा बाजारात जाऊन यायला सवड मिळायची. भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. सुरुवातीला मला ताई म्हणायचे. पुढे ते गेलं. कधी त्यांना मी मुलीच्या शाळेतली बाई वाटायची, कधी इन्स्पेक्शनमधली कोणीतरी. पण आलेल्या माणसाला बसा म्हणणं, पाणी द्या म्हणून आत हाक मारणं, हे काही त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्यांच्या मुलीनं आईवडिलांना आपल्याकडे नागपूरला न्यायचं ठरवलं. तो माझा शेवटचा रविवार. घरात बांधाबांध चालली होती. भाऊ ओट्यावर होते, मी शेजारी स्टुलावर. खाडीवरून ओहोटीचा वास येत होता.

"तुम्ही कुठे राहता?" त्यांनी विचारलं.

"डोंबिवलीला."

"घरी कोण कोण?"

"मी एकटीच."

त्यांनी मान हलवली. "जेवता ना वेळेवर?"

"हो. जेवते."

थोडा वेळ गेला. समोरून एक बाई टोपली घेऊन गेली, तिच्याकडे त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे वळून पुन्हा विचारलं, अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखं, "तुम्ही कुठे राहता?"

संध्याकाळपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. मला कंटाळा आला नाही. त्या सबंध महिन्यात मला हे दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.